मदत हवी आहे: भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घ्यायचा आहे, माझा हिशोब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. राहतं घर सासऱ्यांनी घेतलेलं आहे, त्यावर कर्ज नाही. दोघांच्या पगारात घर नीट चालतं, मुलगी सहावीत आहे. गेल्या नऊ वर्षांत एफडी आणि भिशी करत करत १८ लाख जमले आहेत. आमच्या दृष्टीने ही फार मोठी रक्कम आहे आणि ती चुकीच्या जागी अडकली तर परत उभी करायला पुन्हा नऊ वर्षं जातील, म्हणून विचारते आहे.

सासऱ्यांचं म्हणणं, एखादा वन बीएचके घेऊन भाड्याने लावा, पेन्शनसारखं येत राहील. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा जुन्या घरातल्या दोन खोल्यांच्या भाड्यावर त्यांनी दोन वर्षं संसार ओढला. त्यामुळे त्यांचं बोलणं मला टाळता येत नाही आणि टाळायचंही नाही.

दोन फ्लॅट पाहिले आहेत. पहिला वारज्यात, बारा वर्षं जुनी सोसायटी, ४६ लाख. मालक स्वतः राहतात. एजंट म्हणतो १५ हजार भाडं सहज येईल. दुसरा पुनावळ्यात, बांधकाम चालू, ५२ लाख, ताबा तीन वर्षांनी.

माझं मन वारज्याकडे आहे. हिशोब असा केला: ३४ लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षं. हप्ता साधारण २९,५०० बसतो. भाडं १५ हजार धरलं तर दरमहा साडेचौदा हजार पदरचे घालावे लागतील. तेवढे आम्ही काढू शकतो.

यात मी काय विसरते आहे? पुनावळ्याचा विचार करावा का? आणि फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क कमी लागतं म्हणतात, ते खरं आहे का?

प्रतिसाद १

ताई, माझे पुण्यात दोन फ्लॅट चौदा वर्षांपासून भाड्याने आहेत. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण साडेचौदा हजार हा आकडा कमी आहे.

आधी किंमत. ४६ लाखांवर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, त्यातच मेट्रोचा एक टक्का आला. खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का सवलत आहे, म्हणजे तुमचे ४६ हजार वाचतील. पण यजमानांचं नाव सहमालक म्हणून घातलंत की सवलत गेली. ते कर्जात सहकर्जदार राहू शकतात. मात्र मालकी नसेल तर व्याजाची वजावट त्यांना मागता येणार नाही, हेही लक्षात घ्या. नोंदणी फी ३० हजार. एजंट, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी निर्वेध आहे का याची तपासणी), रंगकाम, गीझर-पंखे धरा. फ्लॅट तुम्हाला ५० लाखांना पडला.

आता भाडं. वर्षाचे बारा महिने भाडं कधीच धरू नका. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला की मध्ये महिना जातोच. म्हणजे ११ महिन्यांचे १,६५,०००. त्यातून मेंटेनन्स वर्षाला २४ हजार. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तसा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. त्याचे दोन हजार धरू.

मिळकत कराकडे नीट बघा. आताचे मालक स्वतः राहतात, त्यामुळे त्यांच्या बिलात महापालिकेची ४० टक्के सवलत असण्याची शक्यता आहे. ती स्वतः राहणाऱ्यालाच मिळते. तुम्ही भाडेकरू ठेवलात की बिल वाढणार. मालकाने दाखवलेलं बिल हिशोबात घालून नवे लोक हमखास फसतात. दहा हजार धरा. नळ, ओल, किरकोळ दुरुस्ती आणखी दहा.

उरले १,१९,०००. पन्नास लाखांवर अडीच टक्क्यांच्याही खाली. महिन्याला जेमतेम ९,९०० हातात आणि हप्ता २९,५००. पदरचे साडेचौदा नाही, साडेएकोणीस हजार जाणार. नवा भाडेकरू आणताना एजंटने तुमच्याकडूनही एक भाडं मागितलं तर त्या वर्षी आणखी पंधरा हजार.

आयकराचंही बघा. भाड्यातून भरलेला मिळकत कर, मग ३० टक्के सरसकट वजावट आणि कर्जाचं व्याज वजा होतं. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेतीन लाखांच्या पुढे आहे, त्यामुळे भाड्यावर कर लागणार नाही. पण उरलेला तोटा पगारातून वजा करणं जुन्या करप्रणालीतच जमतं, तेही वर्षाला दोन लाखांपर्यंत. नव्या प्रणालीत असाल तर तो फायदा विसरा.

सासरेबुवांच्या खोल्यांवर कर्ज नव्हतं, म्हणून त्या भाड्यावर घर चाललं. इथे आधी बँकेचं पोट भरायचं आहे.

प्रतिसाद २

वरच्या हिशोबाशी सहमत, पण एक बाजू राहिली. हप्ता वीस वर्षं जवळपास तोच राहतो, भाडं वाढतं. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर १५ हजारांचे चौदा वर्षांनी २९,७०० होतात. पोटाला चिमटा न घेता चौदा वर्षं थांबता येत असेल तर घ्या, नाहीतर नको.

पुनावळ्याबद्दल: ५२ लाखांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे २ लाख ६० हजार. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या फ्लॅटला हा कर नाही. शिवाय तीन वर्षं भाडं शून्य आणि बँकेचं व्याज चालू. तरीही जायचंच असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि चालू दावे स्वतः वाचा. विक्री कार्यालयात सांगितलेली तारीख आणि तिथे लिहिलेली तारीख एकच आहे का, ते पाहा.

वारज्यात भोगवटा प्रमाणपत्र, मालकाचा इंडेक्स टू (खरेदी नोंदवल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, ही चार कागदं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

प्रतिसाद ३

माझा अनुभव भाडेकरूचा आहे आणि तो मला महागात पडला.

नाशिकच्या फ्लॅटमध्ये ओळखीतला मुलगा ठेवला. नोंदणीचा खर्च कशाला, म्हणून नोटरीकडे करार केला. अकरा महिने संपले, तो हलेना. वकिलाने पहिला प्रश्न विचारला, करार नोंदवलाय का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोडून काढायचं काम आपलं. नोंदणीकृत करार असता तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता आलं असतं आणि मुदत संपल्यानंतरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता आलं असतं. चौदा महिने गेले माझे, आणि झोपही.

ज्या खर्चाला घाबरलो तो किती? १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने असा करार धरा. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के मानीव (फक्त हिशोबासाठी धरलेलं) व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार रुपये. बायोमेट्रिकसाठी माणूस घरी येतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन देता येते. ताई, फ्लॅट कोणताही घ्या, हे मात्र टाळू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासऱ्यांना समोर बसवून १,१९,००० चा हिशोब वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या खोल्यांना हप्ता नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

पुनावळे सोडून दिलं आहे. वारज्याच्या मालकांना मिळकत कराचं बिल मागितलं, सवलत खरंच लागलेली आहे.

आता वेगळाच विचार मनात येतो. साडेएकोणीस हजार दरमहा जाणारच असतील, तर तेच वीस हजार तीन वर्षं आवर्ती ठेवीत टाकले आणि १८ लाख एफडीत तसेच राहिले, तर ३० लाखांच्या जवळ पोहोचू. मग कर्ज २० लाखांचं पुरेल आणि हप्ता साडेसतरा हजारांच्या आत येईल. भीती एवढीच की तोवर वारज्यातला हाच फ्लॅट ४६ लाखांना राहणार नाही.

असं थांबून मग घेतलेलं इथे कुणी आहे का? थांबलात त्या काळात किंमत किती वाढली आणि भाडं किती, दोन्ही आकडे सांगितलेत तर फार मदत होईल. रविवारी मालकांना उत्तर द्यायचं आहे.