बाटल्यांचा मासा बघून रडायचं का?

साचेकाम
काल इथे एकाने लिहिलं, 'मॉलच्या दारातला प्लास्टिकच्या बाटल्यांचा देवमासा बघून ज्याच्या पोटात कालवत नाही, तो माणूसच नाही.' खाली बदामाच्या इमोजींचा पाऊस. माझ्या पोटात काही कालवलं नाही. असल्या माशाच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण ही कामं आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये होतात. सळ्यांचा सांगाडा, त्यावर काचेच्या धाग्यांचं फायबर, ते घट्ट करणाऱ्या रेझिनचे थर, आणि बाटल्या नुसत्या वरून टाचलेल्या. बाटली निदान भंगारात विकली जाते. फायबर एकदा घट्ट झालं की वितळत नाही, भंगारवाला हातही लावत नाही. महिनाभर सेल्फी, मग तुकडे करून डम्परमध्ये. हा म्हणे पर्यावरणाचा संदेश! परदेशातही तेच. ओलाफुर एलियासन या कलाकाराने २०१८ साली ग्रीनलंडचा बर्फ लंडनला नेऊन टेट मॉडर्न या कलासंग्रहालयासमोर वितळू दिला. बर्फ वितळतो हे दाखवायला एवढं इंधन जाळायचं?

कलंदर_जेजे
काका, चिडायच्या आधी थोडं वाचत जा. तो बर्फ कुणी फोडून काढला नव्हता, सुटून फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या समुद्राच्या खाडीत, तरंगत होता. २०१५ ला हेच काम पॅरिसमध्ये मांडलं तेव्हा कार्बनचा हिशेब काढून जाहीर केला, सुमारे ३० टन. तुमच्या शेडने असा हिशेब कधी दिलाय? आणि ब्रिटिश शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर? मेक्सिकोत कानकुनजवळ समुद्रतळावर त्याने शेकडो शिल्पं उभी केली, प्रवाळ धरेल अशा खास सिमेंटची. डुबकी मारणारे पर्यटक तिकडे वळावेत आणि खऱ्या प्रवाळावरचा ताण कमी व्हावा, हा हेतू. हाही कचराच का?

साचेकाम
कानकुनचं पाणी निळं आहे गं बाई. गिरगाव चौपाटीला उभं कर, शिल्प दिसतं की गाळ ते बघू. हां, हिशेब जाहीर केला हे चांगलं केलं त्याने. आमच्याकडे कोटेशन जाहीर करायचीही पद्धत नाही.

नाखवा_वर्सोवा
तुम्ही दोघं निवांत भांडा. आमची डोल जाळी वर ओढली की बोंबलांबरोबर पिशव्या येतात. त्या निवडत घरच्या बायका बसतात, त्याचे पैसे कुठला कलाकार देतो? आणि शिल्पच बघायचं असेल तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर या. हात तुटलेलं, सोंड तुटलेलं, रंग तसाच. मुंबईत सगळ्यात जास्त शिल्पं तीच बनतात, आणि पीओपीची.

लालबागचा_पोरगा
आलं! फिरून गणपतीवरच. वर्षभर नाल्यांतून जे समुद्रात जातं त्यावर एक ओळ नाही. आमच्या मंडळाची मूर्ती बावीस फुटी, शाडूची करून दाखवा. उचलणार कोण, तुम्ही?

पेणकर
दादा, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम, म्हणून बोलतो. शाडू काय पेणच्या खाडीत सापडतो? गुजरातहून येतो, तोही खणूनच. पावसाळ्यात मूर्ती वाळत नाही, तडे जातात, टेम्पोत कान मोडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं 'बदलून द्या'. पीओपी तासाभरात साच्यातून बाहेर. प्रदूषण मंडळाने २०२० मध्ये पीओपी नको म्हटलं, मग दर वर्षी कोर्ट, मुदतवाढ, परत कोर्ट. २०२५ च्या जुलैत हायकोर्टाचा मार्च २०२६ पर्यंतचा आदेश आला, सहा फुटांपर्यंतची पीओपी मूर्ती कृत्रिम तलावात, त्यावरची समुद्रात. म्हणजे घरातली दीड फुटाची पाप करते, बावीस फुटी नाही!

कलंदर_जेजे
मूळ विषय शिल्पकलेचा होता. दिल्लीत विवान सुंदरम या कलाकारांनी स्टुडिओच्या जमिनीवर कचऱ्याचं अख्खं शहर मांडून फोटो काढले, त्यावर कुणी बोलेल का?

लालबागचा_पोरगा
ताई, फोटो काढून शहर साफ झालं का?

कलंदर_जेजे
आणि बावीस फुटांनी भक्ती वाढते का?

लालबागचा_पोरगा
देवाबद्दल जपून बोला. तुमच्या जे जे कला महाविद्यालयात हेच शिकवतात वाटतं.

साचेकाम
पोरा, तिथे मातीकामच शिकवतात. तुमच्या मंडळात एखादा जण माती मळू शकतो का? ते राहू दे. पेणकर, तलावातून काढलेल्या पीओपीचं पुढे काय? परत भाजून वापरता येतं ना?

पेणकर
कोरं असेल तर येतं. रंग चढलेलं, काथ्या घातलेलं कोण भाजणार? मी तरी नाही.

नाखवा_वर्सोवा
म्हणजे तोही डम्परमध्येच. वा! एकूण समुद्राला कोर्टाने बावीस फुटी तेवढे दिले, मेहरबानी.

लालबागचा_पोरगा
नाखवा, आमची मूर्ती खोल पाण्यात नेऊन सोडायला तुमच्याच बोटी येतात. भाडं घेताना समुद्र आठवत नाही?

नाखवा_वर्सोवा
घेतो. डिझेल काय तुझं मंडळ भरतं?

पेणकर
चालू द्या तुमचं. शाडूची हवी असेल त्यांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सांगा. श्रावणात फोन करून 'दोन फुटी मिळेल का' विचारू नका, उचलणार नाही.