देशाच्या सरासरीत आपल्या घराचा हिशेब दिसतो का?

धुऱ्यावरून (धागाकर्ता):
माझं स्पष्ट मत आहे की राष्ट्रीय आकड्यांवरून यवतमाळ-वाशीमकडच्या घराची हालत कळत नाही. केंद्राचं रोजगार मोजणारं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण 2023-24 म्हणतं, बेरोजगारी 3.2 टक्के. पण यात वर्षात 30 दिवस दुय्यम काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही त्यातच. आमच्याकडे बी.एस्सी. झालेला पोरगा बापाच्या पाच एकरांत डवरा धरतो, म्हणून तो स्वयंरोजगारी. ते पाच एकर बाप एकटाही करतच होता. पोरगा आला म्हणून क्विंटलभरही कापूस वाढला नाही. मुलीकडचे त्याला बेरोजगार म्हणतात, आणि मला त्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं.

नमुना पाहणी:
दादा, ही व्याख्या त्याच अहवालात छापलेली आहे. कोणी लपवलेली नाही. 3.2 वाचून अहवाल मिटवला तर दोष वाचणाऱ्याचा. पुढची पानं पाहा. 2017-18 मध्ये काम करणाऱ्यांपैकी 52.2 टक्के स्वयंरोजगारात होते, 2023-24 मध्ये 58.4 टक्के. म्हणजे तुमचा बी.एस्सी.वाला पोरगा आकड्यात आहे, फक्त तो बेरोजगारीच्या रकान्यात शोधू नका.

आणि 2018-19 ची शेतकरी कुटुंबांची पाहणी घ्या. महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये. त्यात मजुरी-पगाराचे 4,063 आणि पिकाचे 3,798. शेतकऱ्याला पिकापेक्षा मजुरी-पगार जास्त देतो, हे आपण पारावर कितीही बोललो तरी ऐकतो कोण? सरकारच्याच कागदावर आलं की साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

वेचणीवाली:
सर, तुमचा 10,218 मले पटत नाही. वर्षाचे बारा भाग केले म्हणजे महिना होते का? आमच्या घरी पैसा येते दोनदा, सोयाबीन निघाली की अन् कापूस इकला की. आषाढ-श्रावणात घरात दमडी नसते. तवाच पोराची फी, तवाच गटाचा हप्ता, अन् बी-खत कृषी केंद्रातून उधार. उधारीत भाव रोखीपेक्षा जास्त लागते, अन् माल निघाला की केंद्रवाला सांगन त्याच व्यापाऱ्याले घालाव लागते. हे कोन्त्या रकान्यात बसते ते सांगा. अन् बाईच्या कामाचं काय? वेचणीचे पैसे किलोवर भेटते. घरच्या वावरातलं निंदण अन् सांजची चूल कोन मोजते?

नमुना पाहणी:
ताई, चुलीचं काम मोजलंय. 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषाचा 88. आणि शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत घरच्या माणसांची मेहनत, घरचं बियाणं अशांची किंमत लावून वजा केली की तेच 10,218 उतरून 8,337 होतात. तुमच्या निंदणाची किंमत त्या फरकात आहे. हंगामाचा मुद्दा मात्र तुमचा खरा. बारा महिन्यांच्या सरासरीत श्रावण बुडतो.

आर्वीकर:
पैसा आणि काम सोडून माणूस कसा आहे हे कोण विचारतं? ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय 2011 पासून लोकांना चार प्रश्न विचारतं: आयुष्याबद्दल समाधान किती, जे करता ते मोलाचं वाटतं का, काल आनंदी होता का, काल चिंता किती होती. उत्तर 0 ते 10 मध्ये. ज्या भागात शेतकरी आत्महत्यांची यादी दरवर्षी वाढते, तिथे हे विचारायला नको?

धुऱ्यावरून:
विचारून उपयोग नाही. परका माणूस दारात आला की आपला माणूस "बरं चाललंय" म्हणतो, पाणी देतो, चहा ठेवायला सांगतो. झोप लागत नाही हे तो बायकोलाही सांगत नाही. त्यापेक्षा कर्ज विचारा.

नमुना पाहणी:
विचारलंय. 2018-19 च्याच पाहणीत शेतकरी कुटुंबामागे सरासरी कर्ज 74,121 रुपये, आणि कर्ज असलेली कुटुंबं 50.2 टक्के. निम्म्यांवर कर्जच नाही, म्हणजे ज्यांच्यावर आहे त्यांच्या डोक्यावर सरासरी दीड लाखाच्या आसपास. सरासरी अशी उलगडून वाचावी लागते.

जुना अनुशेष:
तरुणांनो, आकड्यांना इतकं तोडू नका. 1984 साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा असं एकेक मोजून राज्याचा 3,186 कोटींचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, काढला, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के. अन्याय झाला असं आपण आधीही म्हणत होतो, पण निधी मागायला पाया मिळाला तो त्या तक्त्यांमुळे. सगळा निधी आला नाही, हे आकड्याचं पाप नव्हे.

धुऱ्यावरून:
काका, दांडेकर समिती जिल्ह्यापर्यंत उतरली होती, माझा मुद्दा तोच आहे. जानेवारी 2025 पासून श्रमबल सर्वेक्षणाचा नमुना जिल्हा धरून काढतात, हे चांगलं झालं. तरी जिल्हाही मोठाच. आमच्याच जिल्ह्यात वणीला कोळसा खाणीचा पगार आहे आणि दारव्ह्याला कोरडवाहू कापूस. दोन्ही एकत्र केले की दारव्हा दिसत नाही. तालुक्याचे आकडे येईपर्यंत मी मत बदलणार नाही.

वेचणीवाली:
तालुक्याचं राहू द्या, आधी इचारायची वेळ बदला. शेतकऱ्याच्या त्या पाहणीत गेल्या जुलैपासूनचा जमा-खर्च जानेवारीनंतर येऊन इचारला होता. कोन्त्या बाईले आठवन, जुलैत डीएपी खताचं पोतं केवढ्याले घेतलं? पेरणीच्या महिन्यात या, उधारीची वही उघडी असते, समोर ठेवतो.