शटडाऊन आणि फर्लो: बेरोजगारी भत्त्याचा अर्ज कुठल्या राज्यात?

घर_मेरिलँडात
नोकरी अमेरिकेच्या केंद्र सरकारची, ऑफिस वॉशिंग्टन डीसीत, घर मेरिलँडमध्ये. शटडाऊन झालाय, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज बंद पडलंय, आणि फर्लोचं, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी सुट्टीचं, पत्र आलंय. अर्ज डीसीत करायचा की मेरिलँडमध्ये? शटडाऊन संपल्यावर थकलेला पगार मिळणारच असेल तर भत्ता घेण्यात अर्थ आहे का? आणि बिनपगारी कामावर बोलावलेल्या सहकाऱ्यांना तो मिळतो का?

कागदघोडा
डीसीत. घर कुठे आहे ते बघत नाहीत, अधिकृत ड्यूटी स्टेशन, म्हणजे कागदोपत्री कामाचं ठिकाण, बघतात. शेवटच्या एसएफ-५० वरचा (नेमणूक, बदली वगैरेंची नोंद असलेला सरकारी फॉर्म) ३९ नंबरचा रकाना पाहा. आठवड्यातून तीन दिवस घरून काम करत असाल आणि तिथे डीसी लिहिलेलं असेल, तरी डीसीच. पूर्ण रिमोट असाल आणि रकान्यात मेरिलँडमधलं गाव असेल, तर मात्र मेरिलँड.

खरी गाडी अडते ती पुढे. सरकारी खाती तुमचा पगार राज्याच्या तिमाही नोंदींत भरत नाहीत. त्यामुळे अर्ज केल्यावर पहिलं पत्र बरेचदा 'कमाई शून्य, भत्ता शून्य' असंच येतं. घाबरू नका, आणि तो अंतिम निकाल समजून गप्पही बसू नका. राज्य तुमच्या खात्याकडे ईएस-९३१ फॉर्म पाठवून पगाराची माहिती मागतं. पण शटडाऊनमध्ये उत्तर देणारी माणसंही घरीच! १२ दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुमचं प्रतिज्ञापत्र आणि पगाराचे पुरावे यांवर निर्णय घेता येतो. म्हणून एसएफ-८ (बेरोजगारी भत्त्याबद्दल खातं देतं ती सूचना), एसएफ-५०, फर्लोचं पत्र, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) आणि गेल्या दीड वर्षाच्या पे-स्लिपा आधीच उतरवून ठेवा. काही पोर्टलं फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडतात, तेव्हा हे काम लॅपटॉप बंद करायच्या आत उरका.

आकडेमोड
थकलेल्या पगाराची हमी २०१९ च्या कायद्याने दिली आहे. तो हातात आला की त्याच आठवड्यांचा भत्ता ओव्हरपेमेंट, म्हणजे जादा दिलेली रक्कम, ठरतो आणि परत करावा लागतो. थोडक्यात, हे बिनव्याजी उसने पैसे. डीसीत २०२५ साली आठवड्याला जास्तीत जास्त ४४४ डॉलर मिळत होते. घरभाड्याला टेकू, एवढंच.

भत्त्यावर फेडरल टॅक्स लागतो. १० टक्के कापून घ्यायला सांगितलंत तरी परतफेड कापण्याआधीच्या पूर्ण रकमेची असते, खात्यात जमा झालेल्या रकमेची नव्हे. इथे पुष्कळ जण फसतात. पैसे परत केल्याची पावती जपा, पुढे १०९९-जी (मिळालेल्या भत्त्याची नोंद असलेला टॅक्सचा फॉर्म) आल्यावर ती लागेल.

बहुतेक राज्यांत पहिला आठवडा बिनपैशाचा असतो, म्हणून 'संपेलच दोन दिवसांत' म्हणत थांबू नका. दर आठवड्याचं सर्टिफिकेशन, म्हणजे त्या आठवड्यातल्या कामाचं आणि कमाईचं निवेदन, मात्र मंजुरी आली नसली तरी भरत राहा. चुकवलेला आठवडा मागाहून मिळवायला फार खटपट पडते.

घर_मेरिलँडात
कळलं, ३९ नंबरच्या रकान्यात डीसीच आहे. बिनपगारी कामावर असलेल्यांचं राहिलं.

कागदघोडा
ते पूर्णवेळ काम करत असतील तर सहसा नाही. पगार अडकला असला तरी कायद्याच्या नजरेत ते बेरोजगार नाहीत. आठवड्यात थोडेच तास बोलावलं असेल तर अर्ज करून पाहावा, पण केलेल्या कामाची कमाई त्याच आठवड्याच्या सर्टिफिकेशनमध्ये दाखवायची, पैसे हातात आले नसले तरी.

आकडेमोड
एक राहिलं: वर सांगितलेली भत्त्याची योजना केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, कंत्राटदार कंपन्यांचे लोक तिच्यात येत नाहीत. त्यांनी राज्याच्या नेहमीच्या योजनेत अर्ज करायचा. त्यांना थकलेल्या पगाराची हमी नाही. कंपनीने त्या आठवड्यांचे पैसे दिले नाहीत, तर भत्ता परत करण्याचा प्रश्न येत नाही.