सीडी२५ दिसलं म्हणजे हल्लाच, असं नाही
टाईप १ मधुमेहात शरीराच्याच रोगप्रतिकारक टी पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. त्याबद्दल "सीडी२५ (टी पेशीवर दिसणारं एक प्रथिन, म्हणजे मार्कर) वाढलं म्हणजे टी पेशी चवताळल्या" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. टी पेशी जागी झाली की काही तासांत तिच्यावर सीडी६९ हे दुसरं मार्कर दिसतं, मग सीडी२५, आणि एचएलए-डीआर त्याहून उशिरा. पण हल्ला आवरणाऱ्या नियामक टी पेशींवरही सीडी२५ भरपूर असतं. म्हणून सोबत फॉक्सपी३ हे नियामक पेशी ओळखायला मदत करणारं प्रथिन पाहतात. शिवाय रक्तातलं चित्र म्हणजे स्वादुपिंडातलं नव्हे. साध्या फ्लूनेही हे आकडे हलतात.

माझी भाची चोपड्याची, टाईप १. तिच्या निदानात कामी आल्या त्या जीएडी अँटिबॉडी (स्वादुपिंडावरच्या हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी चाचणी), वरच्या मार्करपैकी एकही नाही. गल्लीत मात्र अजून "पोरीनं केळी फार खाल्ली" हेच चालू आहे. तसं असतं तर केळीच्या पट्ट्यातलं अख्खं रावेर-यावल इन्सुलिनवर असतं की!