थॉरचा डॉ. ब्लेक : अवतार, सोंग, शाप की आणखी काही?

मधुमालती
दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. विषय थॉर, उत्तर युरोपातल्या जुन्या (नॉर्स) कथांमधला देव, पण सिनेमातला नव्हे, जुन्या कॉमिकमधला. कथा थोडक्यात सांगते. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘जर्नी इन्टू मिस्टरी’च्या ८३ व्या अंकात डॉ. डोनाल्ड ब्लेक हा पायाने अधू असलेला अमेरिकन डॉक्टर सुटीसाठी नॉर्वेला जातो. शनीवरून आलेल्या दगडी माणसांपासून पळताना त्याची काठी हरवते. तो एका गुहेत लपतो आणि तिथे त्याला दुसरी काठी सापडते. वाट अडवणारा धोंडा हलेना म्हणून चिडून ती आपटतो, तर काठीचा हातोडा होतो आणि त्याचा थॉर. हातोडा साठ सेकंद हातातून सुटला की पुन्हा ब्लेक.

पुढे १९६८ मध्ये उलगडा होतो की ब्लेक नावाचा माणूस मुळात नव्हताच. मुलाचा ताठा उतरावा म्हणून ओडिनने थॉरची स्मृती काढून घेतली आणि त्याला ब्लेक करून पृथ्वीवर सोडलं.

अडलंय ते ‘मॉर्टल आयडेंटिटी’पाशी. मी ‘मर्त्य अवतार’ केलं होतं. संपादकांनी खोडलं. त्यांचं म्हणणं, अवतार देव स्वतः घेतो, देवावर कुणी लादत नाही. ‘मानवी ओळख’ मला कोरडं वाटतं. मराठीत ‘ओळख’ म्हटलं की आधी दोन माणसांची ओळख आठवते. सुचवा.

आडवाटेचा
संपादकांचं बरोबर आहे. अवतारात उतरणाऱ्याला आपण कोण ते ठाऊक असतं. कृष्णाला ठाऊक होतं. ब्लेकला नव्हतं.

शिवाय रोजच्या बोलण्यात अवतार फार घसरलाय. ‘काय हा अवतार!’ आपण विस्कटलेले केस बघून म्हणतो.

निरुक्त
‘ठाऊक असतं’ हे सरसकट खरं नाही, आडवाटेचा. वाल्मीकींचा राम काय म्हणतो? युद्धकांडात सीतेच्या अग्निपरीक्षेच्या वेळी सगळे देव येऊन त्याला ‘तू कोण आहेस’ ते सांगू लागतात, तेव्हा त्याचं उत्तर आहे : ‘आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्’. मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा. मग ब्रह्मदेव त्याला तो कोण हे सांगतो. स्वतःचं देवपण न जाणणारा अवतार आपल्याकडे आदिकाव्यातच आहे. ‘अवतार’ खोडण्याचं हे कारण टिकत नाही.

‘मर्त्य’ मात्र खोडाच. नॉर्स देवही मर्त्यच आहेत. इडुन देवीची सफरचंदं खातात म्हणून म्हातारे होत नाहीत, एवढंच. रॅग्नारोकच्या, म्हणजे देवांच्या अखेरच्या युद्धाच्या दिवशी थॉर महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलं चालून कोसळतो. जिथे देवही मरतात तिथे माणसाला वेगळं काढायला ‘मर्त्य’ हा शब्द काय कामाचा? ‘मानवी’ म्हणा.

मधुमालती
हे फार मोलाचं सांगितलंत. मूळ लेखिकेच्याही हे ध्यानात आलेलं दिसत नाही. ‘मर्त्य’ गेला. पण नामाचा प्रश्न तसाच आहे.

तळकोकण
आमच्याकडे दशावतारात आणि तिकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात शब्द एकच : सोंग. देवाचं सोंग घेतात, आणतात, वठवतात. सोंग उलटंही चालेल की. देवाने माणसाचं सोंग घेतलं.

आडवाटेचा
सोंगात लबाडी येते, दादा. ‘झोपेचं सोंग’, ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही’. ब्लेक लबाड नाही. खरा शस्त्रवैद्य आहे, माणसं वाचवतो.

तळकोकण
लबाडी शहरात आली असेल. बोहाड्यात मुखवटा चढवणाऱ्यापुढे लोक हात जोडतात. तिथे सोंग म्हणजे देवच. शब्दकोशात पहिला अर्थ कुठला छापलाय यावरून गावातला अर्थ खोटा ठरवू नका.

शुद्धलेखक
सोंग हे ‘स्वांग’वरून आलं आहे. स्वतःचं अंग. म्हणजे स्वतःच्या अंगावर दुसऱ्याचं घेणं. अर्थ तिथेच सिद्ध होतो.

निरुक्त
स्वांगपर्यंत मान्य. ‘स्व + अंग’ ही फोड मात्र मागाहून जुळवलेली वाटते. तशी फोड करून अर्थ सिद्ध होत नाही.

पैठणचा प्रवासी
उशिरा आलो. नाथांच्या वाड्यात आजही तो रांजण दाखवतात. श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं कावडीने पाणी आणून तो भरत होता. घरात कुणालाच माहीत नव्हतं की हा द्वारकेचा कृष्ण आहे. तसंच दामाजीपंतांचं. विठ्ठल विठू महार होऊन बिदरच्या बादशहाकडे धान्याचे पैसे भरून आला. सेना न्हाव्याच्या जागी राजाची हजामतही देवानेच केली.

लहानपणापासून कीर्तनात या कथा ऐकतोय. कुठल्याही बुवांनी ‘श्रीखंड्या हा कृष्णाचा अवतार’ असं म्हटलेलं आठवत नाही. ते म्हणतात, ‘देव श्रीखंड्या झाला’. नाम नाहीच, क्रियापद आहे. इंग्रजीला आयडेंटिटी नावाची वस्तू लागते, ती कुणाकडे असते, हरवते, लपते. आपल्याला ‘होणे’ पुरतं. ताई, वाक्यच फिरवा : ‘ब्लेक झालेला थॉर’. जिथे लेखिका ‘त्याची मॉर्टल आयडेंटिटी ढासळते’ म्हणते तिथे ‘थॉरमधला ब्लेक ढासळतो’.

मधुमालती
वाचताना अंगावर काटा आला. निम्म्या जागी हे चपखल बसेल. बाकी निम्म्या जागी लेखिका ब्लेकला थॉरपासून तोडून, स्वतंत्र माणूस म्हणून बघते. २०२०-२१ च्या अंकांत ब्लेकला कळतं की थॉर बाहेर असताना आपल्याला एका खोट्या, गोजिरवाण्या जगात ठेवलं जात होतं, आणि तो वेडापिसा होऊन थॉरवर उलटतो. तिथे ‘ब्लेक झालेला थॉर’ म्हणता येत नाही, कारण ब्लेकचं भांडणच ते आहे.

सह्याद्री-वारा
मला नवल वाटतंय की शाप हा शब्द अजून कुणी काढला नाही. बापाने ताठ्याची शिक्षा म्हणून पोराला खाली पाठवलं, स्मृती काढली, पाय अधू केला. वसिष्ठांच्या शापाने वसू गंगेच्या पोटी जन्मले, त्यातलाच एक भीष्म झाला. ही तीच जात आहे. आणि गुहेतली काठी म्हणजे उःशाप. शाप देणाऱ्यानेच सुटकेची वाट ठेवायची हा आपल्या कथांचा नियम ओडिननेही पाळला. ‘थॉरचा शापजन्म’ म्हणा.

निरुक्त
शाप-उःशाप सुंदर. ‘जन्म’ नको. वसूंना आई होती, बाळपण होतं. ब्लेक थेट वैद्यक शिकणारा तरुण म्हणून उगवला. त्याला ‘कृतक’, म्हणजे बनवलेला, म्हणावं.

आडवाटेचा
कृतक आज किती जणांना कळेल? लेख दिवाळी अंकात येणार, विद्यापीठाच्या प्रबंधात नाही.

निरुक्त
‘कृतककोप’ शाळेत शिकलो होतो आपण. वापरला नाही म्हणून शब्द मरतात, आणि मग मेला म्हणून वापरायचा नाही असं ठरतं. दिवाळी अंकाच्या वाचकाला एक शब्द नव्याने भेटला तर त्याचं काही बिघडत नाही.

शुद्धलेखक
एक उपप्रश्न. मधुमालतीताईंनी ‘पायाने अधू’ लिहिलंय. आता ‘दिव्यांग’ लिहायला हवं ना?

मधुमालती
एरवी मान राखून लिहिते. पण या कथेत अधू ब्लेक एकीकडे आणि दिव्य थॉर दुसरीकडे, हाच तर सगळा पेच आहे. ब्लेकला आधीच ‘दिव्य’ अंगाचा केला तर काठी आपटून काय होणार?

आणखी एक. हातोड्यावरचा मजकूर : जो ‘वर्दी’ (worthy) असेल त्याला थॉरचं सामर्थ्य मिळेल. मी ‘लायक’ लिहिलंय.

शुद्धलेखक
लायक अरबी. देवाच्या हातोड्यावर अरबी शब्द शोभत नाही. ‘पात्र’.

तळकोकण
हातोडा नॉर्वेचा, लेख इंग्रजीतला, आणि अडचण अरबीची! ‘जो लायक असेल’ हे माझी आजीसुद्धा म्हणेल. ‘पात्र’ म्हटलं की हल्ली पात्रता परीक्षाच आठवते.

पैठणचा प्रवासी
दोन्ही सोडा. संतांच्या आणि गवयांच्या घरचा शब्द आहे : अधिकार. ‘त्याचा तेवढा अधिकार आहे’ म्हणतो आपण, आणि तो साधनेने येतो. ‘ज्याचा अधिकार असेल त्याच्या हाती थॉरचं बळ येईल.’

शुद्धलेखक
अधिकार म्हणजे आज अधिकारी, सत्ता, माहितीचा अधिकार. गैरसमज होईल.

पैठणचा प्रवासी
होऊ द्या. सरकारी कागदांनी शब्द नेला म्हणून आपण तो त्यांना देऊन टाकायचा नाही.

तळकोकण
ताई, लेखात नंतरचे थॉर येतात का? १९८३-८४ मध्ये बीटा रे बिल या परग्रहवासी योद्ध्याच्या कथेत ब्लेकची जादूच संपवली आणि थॉर सिगर्ड यार्लसन नावाने चष्मा लावून बांधकामावर मजुरी करू लागला. ते तर माझं सोंग झालं, अगदी कोशातल्या अर्थाने. आणि २०१४ च्या जेन फॉस्टरला कर्करोग आहे, ती हातोडा उचलते तेव्हा थॉर होते, पण दर वेळी केमोथेरपीचं औषध शरीरातून धुऊन जातं. तिथे माणूस खरा आहे आणि देवपण बाहेरून येतं. त्याला सिंधुदुर्गात ‘अवसर’ म्हणतात, ज्याच्या अंगात येतं ते ‘झाड’. जेन हे झाड आहे, ब्लेक नाही. सगळ्यांना एका शब्दात बसवू नका.

मधुमालती
येतात, शेवटच्या भागात. म्हणजे तीन जागी तीन शब्द. संपादक मान्य करतील का बघते.

फ्योर्डकाठी
इथे नॉर्वेत राहते, म्हणून नावाबद्दल. टोर हे इथे पुरुषाचं साधं नाव आहे, उच्चार ‘तूर’च्या जवळचा. गुरुवार म्हणजे ‘टोर्सडाग’, र जवळजवळ ऐकू येत नाही. मराठीत ‘थॉर’ लिहून आपण इंग्रजांचा उच्चार घेतो आहोत.

शुद्धलेखक
मला तर ‘थोर’ लिहावंसं वाटतं. थोर म्हणजे महान. दोन्ही शब्द मुळात एकच असणार.

निरुक्त
नाही. आपला थोर प्राकृतातला, स्थूर-स्थूलच्या कुळातला. थॉरच्या नावाचा नातलग संस्कृतात आहे, पण वेगळा : ‘स्तनयित्नु’, गडगडणारा मेघ. त्याच्या नावाचा अर्थच गडगडाट.

शुद्धलेखक
मग मिडगार्ड, म्हणजे नॉर्स कथांतली माणसांची पृथ्वी, त्यातला ‘गार्ड’ आणि आपला गड?

निरुक्त
गड नव्हे, गृह. नॉर्स ‘गार्थर’ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, आणि ‘गृह’ त्याच मुळाचं.

तळकोकण
आवार म्हणालात म्हणून विचारतो. आमच्याकडे घराभोवतीच्या कुंपणाला ‘गडगो’ म्हणतात, रचलेल्या दगडांचा. हा गडाचा की गृहाचा?

सह्याद्री-वारा
देशावर ‘गडगा’. मला तर तो कानडी वाटतो. धारवाडकडचं कुणी आहे का इथे?