सत्कार खेळाडूंचा, फोटो कुणाचा?

मिडविकेट

4 जुलै 2024 ला मरीन ड्राइव्हवर टी-ट्वेंटी विश्वविजेत्यांची मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी विधान भवनात रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल या चौघांचा सत्कार झाला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघाला 11 कोटी जाहीर केले. रोहित मराठीत बोलला आणि सगळ्यांना हसवून गेला: सूर्याच्या हातात बॉल बसला ते बरं झालं, नाहीतर मीच त्याला बसवला असता. अंतिम सामन्यातल्या त्याच कॅचचं कौतुक करताना मुख्यमंत्र्यांना दोन वर्षांपूर्वीची स्वतःची 50 आमदारांची टीमही आठवली. लोकसभेचा निकाल लागून महिना झाला होता, विधानसभा चार-साडेचार महिन्यांवर होती.

नेत्याला क्रिकेट खरंच आवडतं का, या प्रश्नात मला रस नाही. आवडतही असेल. पण बीसीसीआयने याच संघाला 125 कोटी दिलेले असताना राज्याच्या तिजोरीतले 11 कोटी कशाला? मला तर ते खेळाडूच्या शेजारच्या खुर्चीचं भाडं वाटलं. विरोधी पक्षनेते असलेल्या विजय वडेट्टीवारांनीही तेव्हा तिजोरीचाच प्रश्न काढला होता. ते सत्तेत असते तर सत्कार झाला नसता, असं मात्र कुणी मला सांगू नये.

नॉर्थस्टँडवाला

साफ असहमत. ज्या स्टेडियमच्या नावाने आपण छाती फुगवतो, ते एका राजकारण्याच्या रागातून उभं राहिलंय. ब्रेबॉर्न स्टेडियम सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मालकीचं, तिकिटांच्या वाट्यावरून मुंबई असोसिएशनशी कायमची कटकट. सीसीआयच्या बाजूला विजय मर्चंट, म्हणजे अस्सल क्रिकेटपटू. समोर विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. शेवटी वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर नवं मैदान उभं केलं आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. क्रिकेटपटूच्या हातात कारभार असला की सगळं गोड होतं, हा भ्रम तिथेच संपायला हवा होता.

आणखी एक. 2006 मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं, तेव्हा अध्यक्ष शरद पवार होते. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा किती जणांना हे आठवलं?

मिडविकेट

वानखेडे आणि 2006, दोन्ही मान्य. पण मग हेही बघा. 2001 मध्ये एमसीएच्या (मुंबई क्रिकेट असोसिएशन) अध्यक्षपदासाठी पवारांच्या विरोधात कोण हरलं? अजित वाडेकर. 1971 मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून देणारा कर्णधार! 2011 मध्ये विलासराव देशमुखांसमोर दिलीप वेंगसरकर हरले. 2022 मध्ये संदीप पाटील हरले. त्या वेळी पवार आणि भाजपचे आशिष शेलार यांचं एकत्र पॅनल होतं, आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी पवार, शिंदे, फडणवीस एका मंचावर होते. शिवसेना फुटून चार महिनेही झाले नव्हते. बाहेर एकमेकांचं तोंड बघायचं नाही आणि वानखेडेवर जेवणाच्या टेबलाला टेबल.

मे 2025 मध्ये तिथल्याच स्टँडना शरद पवार, अजित वाडेकर आणि रोहित शर्मा अशी नावं एकाच दिवशी दिली गेली. वाडेकर तोवर हयातही नव्हते.

नॉर्थस्टँडवाला

मिडविकेटराव, मतं कुणी दिली ते पण सांगा की. एमसीएचे मतदार म्हणजे मुख्यतः मैदानावरचे क्लब. त्यांना मैदानाचा भाडेपट्टा, पाणी, मांडवाची परवानगी, पोलिस बंदोबस्त यातून वाट काढणारा माणूस लागतो. महापालिकेत कुणाचा फोन लगेच उचलला जातो, वेंगसरकरांचा की मुख्यमंत्रीपद भूषवलेल्या माणसाचा? क्लबवाल्यांनी व्यवहार बघितला. तुम्ही-आम्ही शतकं मोजत बसलो.

टेम्सकाठची

हे फक्त आपल्याकडचं खूळ नाही. 2015 च्या निवडणुकीच्या तोंडावर ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन भाषणात लोकांना वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबला पाठिंबा द्या म्हणाले. आयुष्यभर ॲस्टन व्हिलाचे चाहते म्हणून मिरवले होते! दोन्ही क्लबांच्या जर्सीचे रंग सारखे, एवढाच काय तो दुवा. माझ्या ऑफिसातले लोक त्यांच्या धोरणांवर चिडले नव्हते तेवढे यावर चिडले. तरीही निवडणूक त्यांनी जिंकलीच.

याउलट 1995 मध्ये मंडेला स्प्रिंगबॉक्सची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाची, हिरवी जर्सी घालून रग्बीच्या अंतिम सामन्याला गेले. ती जर्सी कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या सत्तेची खूण वाटायची, त्यांच्याच समर्थकांना हे रुचत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या माणसांचा रोष पत्करला. आपल्याकडच्या सत्काराने कुठल्या नेत्याचं एक तरी मत कमी होतं?

लालमाती_कोल्हापूर

क्रिकेट क्रिकेट काय लावलंय सगळ्यांनी? तालमीत या जरा. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं, 1912 सालचं. स्वतः मातीत उतरणारा राजा होता, तवा पैलवानाचा खुराक काय असतो ते ठावं होतं. आत्ताचे नेते मैदानाला येतात, फेटा बांधतात, चांदीची गदा खांद्यावर घेऊन फोटो काढतात आणि निम्म्यात उठून पुढच्या कार्यक्रमाला.

बरं, येतात ते येतात, भांडणं पण घेऊन येतात. संघटनांच्या वादात 2023 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी दोन ठिकाणी झाली, एक फुलगावला आणि एक धाराशिवला. दोन गटांचे दोन केसरी. पोरानं गावात जाऊन सांगायचं काय?

आणि त्या 11 कोटींचं म्हणाल तर, महिनाभरातच आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला रायफलमध्ये कांस्य आणलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर वैयक्तिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा पहिला गडी. पोरगा तवा रेल्वेत टीसी. त्याला जाहीर झाला 1 कोटी.

नॉर्थस्टँडवाला

दादा, हिशेब नीट करा. 11 कोटी भागिले 15 खेळाडू म्हणजे माणशी 73 लाख, सपोर्ट स्टाफ धरला तर आणखी कमी. स्वप्नीलचा एक कोटी त्याहून जास्त.

लालमाती_कोल्हापूर

भागाकार येतो आम्हाला बी. स्वप्नीलच्या मागं 125 कोटीवालं बोर्ड होतं काय? खाशाबांच्या वेळी तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, तवा हेलसिंकी दिसलं. पदक मिळाल्यावर मिरवणुकीत सगळेच होते. पदकाच्या आधी कोण होतं, एवढंच विचारतोय.

सातवा_थर_ठाणे

मी गोविंदा पथकात आहे, म्हणून जरा उलटं बोलतो. आमच्या टी-शर्टवर नेत्याचा फोटो असतो, हो. पण टी-शर्ट, बस, रात्रीचं जेवण, सरावाची जागा कोण देतं? कुठली कंपनी आम्हाला विचारायला येते? ठाण्यात नऊ थरांची चुरस लागली ती नेत्यांच्या हंड्यांमुळे, दहा ठिकाणी सलामी दिली की वर्षभराचा खर्च निघतो. 2022 मध्ये साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, विम्याचं बोलणं झालं, 2023 पासून प्रो गोविंदा लीग सुरू झाली.

गोविंदांना जाहीर झालेल्या 5 टक्के नोकरीच्या आरक्षणावर मात्र मी पण गप्प बसलो नव्हतो. स्पर्धा परीक्षेवाली पोरं भडकली ते बरोबरच होतं. थर लावला म्हणून मला सरकारी नोकरी नको, कंबर मोडली तर दवाखान्याचं बिल कोण भरणार ते आधी लिहून द्या.

मिडविकेट

सातवा थर, हे पटलं. तुमचा नेता निदान आधी पैसे देतो आणि मग फोटो लावतो. माझी तक्रार उलट्या क्रमाबद्दल आहे. म्हणून माझी मागणी साधी: वैयक्तिक खिशातून किंवा पक्षाच्या पैशातून हंडी लावा, सत्कार करा, काय हवं ते करा. सरकारी बक्षीस मात्र आधीच ठरलेल्या दरपत्रकाने, खेळाडूच्या खात्यात, मंचाशिवाय. आणि संघटनेच्या खुर्चीवर मंत्री नको.

नॉर्थस्टँडवाला

शेवटचं क्रिकेटमध्ये आहेच की. क्रिकेट बोर्डाचा कारभार सुधारायला नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मान्य केल्या: मंत्री चालत नाही, सत्तरीनंतर पद नाही. त्या वर्षअखेर पवारांनी एमसीए सोडलं. शेलार डिसेंबर 2024 मध्ये मंत्री झाले आणि बीसीसीआयचं खजिनदारपद गेलं. नियम चालतो.

लालमाती_कोल्हापूर

मंत्री नाही चालत, पण आमदार चालतो, खासदार चालतो, भाऊ चालतो, पीए चालतो. आणि तो नियम क्रिकेटचा. आमच्या कुस्तीसाठी कुणाची समिती बसवताय ते सांगा, मी गदा घेऊन येतो.