सगळेच वणवे वाईट नसतात
वर कोणीतरी म्हटलंय की आग दिसली की विझवायचीच. सरसकट तसं नाही हो. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरात तिथले सोलिगा आदिवासी पूर्वी उन्हाळा तापायच्या आधीच पाचोळा पेटवायचे, आग बुटकी, जमिनीलगत सरकायची, मोठी झाडं शाबूत. १९७४ ला अभयारण्य झालं, पुढे हे जाळणं बंद पडलं आणि घाणेरी (लँटानाचं झुडूप) नुसती माजली (कारणं इतरही असतील पण सोलिगा हेच सांगतात), शिवाय आवळ्यांवर बांडगुळं वाढली ती वेगळीच. आता आग लागली की घाणेरीच्या जाळ्यांवरून थेट शेंड्याला जाते, ती विझवणार कशी? बाकी एप्रिलमधे सह्याद्रीत गवत पेटवून देणाऱ्यांनी यात स्वतःचं समर्थन शोधू नये, ते प्रकरण वेगळंय.